सह्याद्रीत तयार झालेले पाय हजर पर्वतात किती पुरतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून नोकरीनिमित्त दुबईत येऊन तुम्हाला चार महिने झाले आहेत. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा झाला आहे आणि अलंग-मदन-कुलंग एकदा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन मित्रांबरोबर अमिरातीतल्या रास अल खैमाजवळची, ‘स्टेअरवे टू हेवन’ या नावाने ओळखली जाणारी दगडी पायऱ्यांची वाट एका दिवसात करायची आहे आणि पुढे थंडीत ओमानमधल्या जबल शम्सवर जायचे आहे. माणशी चार लिटर पाणी पुरेल का आणि दोर न्यावा का, हे तुम्ही विचारले आहे.

मस्कतमध्ये राहून मला सतरा वर्षे झाली आणि त्यातल्या बहुतेक हिवाळ्यांतले शुक्रवार याच हजर पर्वतात गेले, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. चार लिटर पुरणार नाही, दोर नेऊ नये आणि ऑक्टोबरमध्ये ही वाट करू नये. मात्र ही तीन उत्तरे पाठ करून काही उपयोग नाही, कारण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला ही वाट चढता येईल, याबद्दल मला फारशी शंका नाही. नळीच्या वाटेतले कातळटप्पे ज्याने पाठीवर पिशवी घेऊन चढले आहेत, त्याच्या हातापायांना या पायऱ्या जड जाणार नाहीत. परंतु वर पोहोचल्यानंतर दुपारी दोन वाजता, पाणी निम्म्याच्या खाली गेलेले असताना आणि आजूबाजूला एकही माणूस नसताना तुम्ही खाली कसे येणार, हे ठरल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही.

अरबी भाषेत ‘हजर’ म्हणजे दगड. हे नाव किती नेमके आहे, ते पहिल्याच उतरणीवर कळते. उत्तरेला मुसंडमच्या टोकापासून ओमानच्या पूर्व टोकाला रास अल हद्दपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर पसरलेल्या या रांगेत ढोबळमानाने दोन प्रकारचे डोंगर भेटतात. एक करड्या चुनखडकाचे: रास अल खैमाचे कडे, जबल शम्स, जबल अख्दर. दुसरे काळपट-तपकिरी रंगाचे, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळ असलेल्या आणि नंतर जमिनीवर ढकलल्या गेलेल्या ओफिओलाइट खडकाचे. दुसऱ्या प्रकारच्या डोंगरावर हाताने चढण्याचा विचारही करू नका. तो खडक उन्हाथंडीने असा भेगाळलेला असतो की मोठा दिसणारा धोंडा मुठीत येऊन निघतो. चुनखडक त्या मानाने भरवशाचा आहे, परंतु आपल्या बेसॉल्टसारखा तो नव्हे. पावसाच्या पाण्याने त्याच्या पृष्ठभागावर सुरीसारख्या धारा काढलेल्या असतात. बुटाला त्यावर उत्तम पकड मिळते, पण तळहात सोलवटून निघतात. थरांच्या कडेला असलेले दगड मात्र अनेकदा नुसते ठेवलेले असतात, चिकटलेले नसतात.

सह्याद्रीत गवत, कारवी आणि मुळे माती धरून ठेवतात. येथे तसे धरून ठेवणारे काहीच नाही. त्यामुळे आपण ज्याला घसारा म्हणतो, तो सुट्या मातीदगडांचा घसरता उतार येथे अपवाद नसून नियम आहे. याचा परिणाम वेळेच्या गणितावर होतो. हरिश्चंद्रगड चढायला पाच तास लागले, तर उतरायला साडेतीन धरण्याची आपल्याला सवय असते. हजरमधल्या अवघड वाटांवर उतरायला मी चढण्याइतकाच वेळ धरतो आणि गटात नवखा माणूस असेल तर थोडा अधिकच. थकलेले गुडघे, सुटे दगड आणि समोरून डोळ्यांत येणारे कलते ऊन यांत पाऊल जपूनच टाकावे लागते.

तुम्ही निवडलेली पायऱ्यांची वाट वादी गलीलाच्या परिसरातून वर जाते; वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीची दरी. डोंगरात राहणाऱ्या शिहूह लोकांनी कड्याच्या पट्ट्यांवर सुटे दगड एकमेकांत अडकवून या पायऱ्या रचल्या, चुना किंवा सिमेंट न वापरता. काही ठिकाणी पायरी म्हणजे कड्याच्या भेगेत बसवलेल्या दोन-तीन दगडांचा कोन असतो आणि त्याखाली मोकळी हवा. दृष्टिभय, म्हणजे खालची खोली पाहून वाटणारी भीती, भरपूर आहे. या लोकांची वर पठारावर शेते होती, पावसाचे पाणी अडवणारे बांध होते आणि धान्य सुरक्षित ठेवण्यासाठी जमिनीत अर्धी खोदलेली, जाड भिंतींची ‘बैत अल कुफ्ल’ म्हणजे कुलपाची घरे होती. हातात ‘जिर्झ’ नावाची लहान पात्याची कुऱ्हाड घेऊन ते याच वाटेने ये-जा करीत. आज पठारावरची वस्ती ओसाड आहे आणि पायऱ्यांची डागडुजी नियमित होत नाही. मागच्या वर्षीच्या एखाद्या चित्रफितीत दिसलेली पायरी यंदा तिथे असेलच असे नाही.

चढाई सुमारे दीड हजार मीटरची आहे आणि सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीवरून होते. पायऱ्यांवरून परत उतरणे चढण्यापेक्षा अवघड असल्यामुळे बहुतेक गट पठारावरून फिरून दुसऱ्या वाटेने खाली येतात. सगळा दिवस बारा तासांच्या पुढे सहज जातो. याचा अर्थ असा की, तुम्ही कधीही न पाहिलेली उतरणीची वाट दिवसातल्या सर्वांत थकलेल्या तासांत शोधणार आहात. या वाटेवरून लोकांना सोडवून आणावे लागल्याचे प्रसंग मी सतरा वर्षांत अनेकदा ऐकले. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कोणी कड्यावरून पडले नव्हते. वाट चुकली, अंधार झाला आणि पाणी संपले, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

आता पाण्याकडे येतो, कारण खरे कोडे तेच आहे. सह्याद्रीत एप्रिलमध्ये घामाने शर्ट पिळून काढावा लागतो आणि त्यामुळे शरीरातले पाणी किती जाते आहे, हे आपोआप समजते. येथल्या कोरड्या वाऱ्यात घाम त्वचेवर येताक्षणी उडतो. माणूस कोरडा राहतो आणि त्याला वाटते की आज फारसा घाम आलेला नाही. संध्याकाळी शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटलेल्या दिसतात, तेव्हा खरा हिशोब कळतो. माझे स्वतःचे माप असे आहे: डिसेंबर-जानेवारीत उंचावरच्या आठ तासांच्या वाटेला पाच लिटर आणि त्याशिवाय एक लिटरची बाटली पिशवीच्या तळाशी, जी गाडी दिसेपर्यंत उघडायची नाही. माणसागणिक हे बदलते. माझा एक सोबती चार लिटरांत आरामात भागवतो, तर दुसऱ्याला सात लागतात. ते एखाद्या सोप्या वाटेवर स्वतः मोजल्याशिवाय कळत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी दुबईत दुपारी पारा पस्तीसच्या आसपास असतो. वादीच्या तळाशी दोन्ही बाजूंचा कातळ तापून भट्टीसारखा झालेला असतो. अशा दिवशी बारा तासांसाठी मला आठ-नऊ लिटर लागेल, म्हणजे आठ-नऊ किलो. एवढे ओझे पाठीवर घेऊन अरुंद पट्टीवर तोल सांभाळणे वेगळे आणि डिसेंबरमध्ये पाच किलो घेऊन चढणे वेगळे. चार लिटर की सहा, हा वाद येथे उपयोगाचा नाही. जेवढे पाणी लागेल तेवढे सुरक्षितपणे वाहता येत नसेल, तर ऋतूच चुकलेला आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ या वाटांसाठी योग्य.

नुसते पाणी पीत राहणेही बरोबर नाही. मीठ गेल्यावर फक्त साधे पाणी भरत राहिल्यास डोके जड होते, मळमळते, आणि तहान लागली समजून माणूस आणखी पाणी पितो. मी दोन लिटरांत ओआरएसची पाकिटे घालतो आणि खाण्यासाठी खारे दाणे व खजूर ठेवतो. घरचे कोकम आगळ असेल तर मिठासह तेही उत्तम चालते. गेल्या मार्गाने परत यायचे असेल, तर चढताना वाटेत एक बाटली सावलीच्या कपारीत ठेवून पुढे जावे आणि दगडांची खूण करून तिचा फोटो काढावा. उतरताना ती सापडली की जीवात जीव येतो. जबल शम्सवर मात्र बाटली आणि खाऊ बकऱ्यांच्या नजरेआड ठेवा. तिथल्या बकऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट संत्री खातात, हे मी पाहिले आहे, संत्री माझी होती.

गोलाकार वाटेत ही सोय नाही. ठेवलेले पाणी परत भेटत नाही. ‘स्टेअरवे’ तुमची पहिली वाट असू नये, असे मी म्हणतो त्याला हेही एक कारण आहे.

दोराबद्दल. अलंग-मदनच्या टप्प्यांवर तुम्ही दोर लावून चढलात, परंतु तो दोर कोणीतरी जाणकाराने, ठाऊक असलेल्या मेखांना बांधलेला असणार. येथे बांधायला मेखा नाहीत, झाडे नाहीत आणि चुनखडकाचे जे टोक भक्कम वाटते तेच तुमच्या वजनाने सुटू शकते. धारदार कडेवर घासून दोर कापला जातो, ते वेगळेच. तिघांपैकी कोणालाच खडकात आधार तयार करण्याचे शिक्षण नसेल, तर दोराचा एकच परिणाम होतो: ज्या जागी परत फिरायला हवे होते, तेथे पुढे जाण्याचा धीर येतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि हातात पातळ चामड्याचे मोजे असू द्या. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटणारा दगड हा येथला खरा शत्रू आहे. त्यामुळे अरुंद घळीत एका वेळी एकानेच चढावे आणि बाकीच्यांनी बाजूला, आडोशाला थांबावे.

हात लावण्याची पद्धतही थोडी बदलावी लागेल. पकड धरण्यापूर्वी मी तिच्यावर बोटांच्या सांध्यांनी टकटक करतो. भरीव, बद्द आवाज आला तर ठीक, पण माठासारखा पोकळ आवाज आला तर तिथे वजन टाकत नाही. चांगली पकडसुद्धा खालच्या दिशेने दाबायची असते, स्वतःकडे ओढायची नसते. उतरताना उभा टप्पा आला की तोंड कातळाकडे करून, चढल्यासारखेच उलटे उतरावे. आणि एक नियम मी आजवर मोडलेला नाही: जो टप्पा मला याच बुटांत, याच पिशवीसह उतरता येणार नाही, तो मी चढत नाही.

बुटांचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात आम्ही तिघे एका वादीच्या वरच्या धारेवरून परतत होतो. आमच्यातल्या एकाने तीन वर्षे कपाटात जपून ठेवलेले, नव्यासारखे दिसणारे महागडे बूट घातले होते. दुपारी एकच्या सुमारास त्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून जिभेसारखा लोंबू लागला आणि दहा मिनिटांत पूर्ण सुटून हातात आला. मधला फेसाळ थर बिस्किटासारखा चुरत होता. मस्कतच्या दमट हवेत असे तळ न वापरताही आतून कुजतात, हे तोवर आम्हाला माहीत नव्हते. पिशवीच्या पट्ट्या आणि चिकटपट्टीने तळ बांधून निघालो, पण दर वीस मिनिटांनी धारदार दगडावर पट्टी तुटायची. दोन तासांच्या उतरणीला पाच तास लागले.

त्या घाईत आम्ही एक चूक केली. धारेवरची लांब वाट सोडून समोरच्या ओढ्यातून सरळ खाली गेलो. नकाशावर ते अंतर निम्मे होते. अर्ध्या तासाने ओढ्याचा तळ संपला आणि पुढे वीस-पंचवीस मीटरचा कोरडा धबधबा निघाला, पाण्याने घासून काचेसारखा गुळगुळीत. तिघांत मिळून लिटरभर पाणी होते. त्या काठावर पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग आलो तसे दोनशे मीटर वर चढून दगडांच्या शेवटच्या लगोरीपाशी गेलो आणि तिथून मूळ वाट धरली. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिकटपट्टी आणि बारीक तार असते, बॅटरी दोन असतात, आणि खाली जाणारा अनोळखी ओढा मी ‘जवळचा रस्ता’ समजत नाही. या डोंगरांतले बहुतेक ओढे कुठेतरी अशाच कोरड्या धबधब्यावरून उडी घेतात.

वादीचा दुसरा धोका पाण्याचा आहे आणि तो तहानेच्या अगदी उलट दिशेने येतो. उघडा कातळ पाणी शोषत नाही. त्यामुळे तुमच्या डोक्यावर निळे आकाश असताना तीस किलोमीटर मागे पडलेला पाऊस काही वेळात वादीत लोंढा होऊन येतो. एप्रिल २०२४ मध्ये अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. कोकणातल्या माणसाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही, परंतु येथे एवढा पाऊस दोन वर्षांतही पडत नाही. अंदाजात ढगांचा उल्लेख असेल, तर अरुंद वादीतली वाट त्या दिवसापुरती रद्द करा, वादीच्या पात्रात तंबू लावू नका आणि गाडीही तेथे उभी करू नका. वाहत्या वादीत गाडी घालणे हा दोन्ही देशांत दंडनीय गुन्हा आहे.

सापांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन ओळी. आपल्या कोकणातल्या फुरशाचा जवळचा भाऊबंद येथे आहे आणि त्याला वादीतल्या डोहांच्या काठचे दगड आवडतात. पाणी दिसले की धावत जाऊन दगडावर हात टेकण्याची सवय सोडा. मला सतरा वर्षांत तो चार वेळा दिसला आणि चारही वेळा तो पाण्यापासून दोन मीटरच्या आत होता.

मग सुरुवात कुठून करावी? तुमच्या जागी मी असतो, तर डिसेंबरमध्ये ओमानपासून सुरुवात केली असती. तिथे वाटांना क्रमांक आहेत आणि दगडांवर पिवळ्या, पांढऱ्या व लाल रंगाच्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. पहिली वाट डब्ल्यू-६: अल खतीमपासून वादी नखरच्या कड्याला बिलगून ओसाड अस-साब वस्तीपर्यंत. एका बाजूने चारेक किलोमीटर, चढ-उतार किरकोळ, परंतु दरी शेजारीच. दृष्टिभयाने तुमच्या मित्रांचे पाय थबकतात का, ते येथे स्वस्तात कळेल. पाणी किती लागले, तेही याच दिवशी लिहून ठेवा.

पुढच्या खेपेस डब्ल्यू-४, म्हणजे जबल शम्सचे दक्षिण शिखर, उंची २,९९७ मीटर. उत्तरेचे शिखर थोडे उंच आहे, पण तेथे लष्करी ठाणे असल्यामुळे जाता येत नाही. वाट सुमारे दोन हजार मीटर उंचीवरून सुरू होते, त्यामुळे चढाई साधारण हजार मीटरची. येऊन-जाऊन दहा ते बारा तास धरा. हातांचा उपयोग थोडाच करावा लागतो, मात्र दिवस लांब आहे आणि वर हवा थंड. जानेवारीच्या पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो, तेव्हा ‘वाळवंटात कसली थंडी’ म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. मी बॅटरीच्या उजेडात पहाटे साडेपाचला निघतो आणि बारा वाजता जिथे असेन तिथून मागे वळतो, शिखर समोर दिसत असले तरी. असा एकदा अर्ध्या तासाच्या अंतरावरून परतलो आहे. मित्र आठवडाभर बोलले नाहीत.

या दोन वाटा व्यवस्थित झाल्या, पाण्याचे माप हाती आले, तर जानेवारी-फेब्रुवारीत पायऱ्यांच्या वाटेचा विचार करा, तोही ती वाट पूर्वी उतरलेल्या माणसाबरोबर. तिथे सध्या प्रवेश कसा आहे, याची आधी स्थानिक चौकशी करावी लागेल, कारण सीमा जवळ आहे. असा सोबती मिळत नसेल, तर आधीच्या आठवड्यात उतरणीच्या वाटेने निम्म्यापर्यंत चढून परत या. दिवस वाया गेल्यासारखा वाटेल, परंतु पुढच्या शनिवारी तीच वाट अंधारात ओळखीची वाटेल.

तयारीच्या किरकोळ गोष्टी: दुबईची गाडी ओमानमध्ये नेण्यासाठी विम्याचे ऑरेंज कार्ड लागते. घळींमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरी एका माणसाला वाटेचे नाव, गाडी कोठे उभी आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवायचे, हे लिहून द्या. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक अमिरातीत ९९९ आणि ओमानमध्ये ९९९९ आहे. अमिराती आणि ओमानच्या सुट्टीचे दिवसही वेगळे आहेत: तुमची शनिवार-रविवार, इकडची शुक्रवार-शनिवार. रविवारी जबल शम्सवर गर्दी नसते, हे छायाचित्रांसाठी छान, पण पाय मुरगळला तर मागून कोणी येणार नाही, हेही त्यात आले. म्हणून पहिल्या खेपेतली डब्ल्यू-६ रविवारी सकाळी, परतीच्या प्रवासाआधी केली तरी चालेल, पण डब्ल्यू-४ शनिवारीच करा. आणि निघण्याच्या आठवड्यात तुमचे तिघांचे बूट घालून, गच्चीवरच्या गरम फरशीवर तासभर चालून तळ एकदा वाकवून पाहा.